गळ्यातली देवी

जयनगर, बंगळूर
१० फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप भागीरथीबाई यांना विद्याचा नमस्कार.

आम्ही सर्व ठीक आहोत. तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा करते. लग्नानंतर मी तुम्हांला एक पत्र लिहिलं होतं. ते पोचलं की नाही, हे कधी कळलं नाही. तेव्हा गोव्याची सरहद्द बंद होती. आता ती उघडून वर्ष होऊन गेलं, तरी पेन हातात घ्यायला मला इतका वेळ लागला.

लिहिण्याचं कारण असं. यांना या वर्षी पहिल्यांदाच मोठी रजा मिळते आहे. कारखान्यात नवी यंत्रं बसवायची होती, ती बसली. कल्पना आणि हरीची शाळा एप्रिलमध्ये बंद होईल. मेच्या सुरुवातीला आम्ही पाचही जणांनी कुंभारजुव्याला यावं आणि पंधरवडाभर राहावं, असं मनात आहे. तुम्हांला आणि नागनाथभावजींना जमेल का? कल्पनाला तुम्ही पाहिलंत ती पाळण्यात. हरीला तर पाहिलंच नाही. तिसरा चंद्रकांत, माझा. तो तीन वर्षांचा आहे. त्याला आणायचं की नाही, हे तुम्ही सांगाल तसं.

घरात ‘बेट’ हा शब्द आला त्या दिवसापासून दुसरं काही बोललं जात नाही. हरीनं पलंगाचं बेट केलं आहे. जमीन म्हणजे नदी. पाटावर बसून, दोन्ही हातांनी जमीन ढकलत पलंगापर्यंत जायचं. पाय खाली टेकला की बुडाला. चंदूला मगर केलं आहे. त्याला बोलता फारसं येत नाही, चावता येतं. त्यामुळे तो खूश आहे. परवा हे कामावरून आले आणि बूट घालून सरळ खोलीत गेले. हरी शांतपणे म्हणाला, “बाबा, तुम्ही बुडालात.” हे तसेच मागे फिरले, दाराशी बूट काढले आणि पाट मागितला.

मला मात्र पाण्याची भीती वाटते. मी आटपाडीकडची. आमच्याकडे नदी म्हणजे वाळू. म्हणून विचारते. होडी किती मोठी असते? मुलांना बसवताना तरीवाला हात देतो का? खाडीत मगरी आहेत असं हे सांगतात, ते खरं की मुलांना धाकात ठेवण्यासाठी? चंदूला दूध मिळेल का?

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. आमच्या लग्नाला तुम्ही ओटी पाठवली होती. ती कुणाकुणाच्या हातून, बेळगावावरून, दीड वर्षांनी पोचली. हिरवं लुगडं, खण आणि नारळ. नारळ आतून सुकून खडखडत होता. ज्या घरात तुमची मुलगी गेली, त्या घरात तिच्या जागी आलेल्या परक्या मुलीला तुम्ही ओटी पाठवलीत. मी त्या दिवशी नारळ कानाशी धरून बराच वेळ बसले होते. असं मला जमलं असतं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे.

यांनी तुम्हांला आणखी एक गोष्ट लिहायला सांगितली आहे. ती पुढच्या पत्रात लिहीन.

आपली नम्र,
सौ. विद्या

*

जयनगर, बंगळूर
८ मार्च १९६३

तीर्थस्वरूप आईंना नमस्कार.

तुमचं पत्र आलं. नागनाथभावजींचं अक्षर चांगलं आहे, पण वाक्यं तुमची आहेत हे कळतं. “तिघंही या. तिसऱ्याला न आणायचं कारण काय?” हे तुमचंच. मी ते यांना वाचून दाखवलं. पुढं वाचता येईना, म्हणून त्यांनीच पत्र हातात घेतलं.

शेळीचं दूध चंदूला चालेल. मच्छरदाण्या आम्ही आणू. लोंढ्याला गाडी बदलायची, मडगावला उतरायचं, मग बस, मग होडी, हे मुलांना पाठ झालं आहे. हरी ते झोपताना म्हणतो.

आता थोडं प्रेमाताईंविषयी. त्यांच्या आईला मी त्यांच्याविषयी काय सांगणार. पण तुम्ही पाहिल्या नाहीत अशा प्रेमाताई इथं होत्या, आणि त्या मला तुकड्यातुकड्यांनी भेटल्या आहेत.

शेजारी तुंगाबाई म्हणून आहेत. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्या मला अक्का म्हणतात, प्रेमाताईंनाही अक्काच म्हणायच्या. न्हाणीघरात आमच्याकडे दगडी टाकी आहे, तिला इथं तोट्टी म्हणतात. कल्पना आठ महिन्यांची असताना प्रेमाताई ती तोट्टी काठोकाठ भरायच्या आणि पाठीखाली एक हात धरून तिला पाण्यावर सोडायच्या. तुंगाबाईंनी एकदा ते पाहिलं. त्या सांगतात, “मी बोंब मारली बघ. म्हटलं, अक्का, लेकराला मारतीस काय? ती हसली. म्हणाली, स्वल्प थांबा. आणि हात काढूनच घेतला. पोर वरती तरंगतंय, पानासारखं. डोळे उघडे. मला तर देवच आठवला.” भोवती मैलोन्‌मैल समुद्र नसलेल्या गावात एक बाई आपल्या मुलीला पाण्याची ओळख करून देत होती, कधीतरी बेटावर न्यायचं म्हणून. मी कल्पनाला कधी पाण्यात सोडलं नाही. पण तिला पाण्याची भीती नाही. ते कुणामुळे, हे मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे पाळणा. तो मधल्या खोलीच्या कडीला टांगला आहे. कल्पना त्यात वाढली, मग हरी, मग चंदू. दोराची गाठ प्रेमाताईंनी मारलेली आहे. तुंगाबाई म्हणतात, ती होडी बांधायची गाठ. तीन मुलं तिच्यावर झुलली. चंदू रडायला लागला की मी झोका देताना वर त्या गाठीकडे बघायची. मनात म्हणायची, धरून ठेवा हं. ती कधी सरकली नाही. आता चंदू मोठा झाला, पाळणा काढायचा आहे, तर गाठ सुटत नाही. यांनी पक्कड लावली. शेवटी म्हणाले, कापून टाकू. मी नको म्हटलं. तुम्हांला ही गाठ येत असेल. कशी सोडायची?

दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक घालायचा, या रीतीप्रमाणे लग्नाच्या दिवशीच प्रेमाताईंचा टाक माझ्या गळ्यात आला. चांदीच्या पत्र्यावर बाईचा ठसा, मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवलेला. चिक्कपेटेतल्या सोनारानं केलेला. त्याच्यापुढं फोटो होता, पण त्याला देवीचे टाक करायची सवय. नाकडोळे, मुकुटासारखे केस, उभे हात. मी तो रोज घालते. आंघोळीलाही काढत नाही.

कल्पना त्याला देवी समजते.

पहिल्यांदा मला कळलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. शाळेत जाताना तिनं माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांनी उचलला आणि कपाळाला लावला. तेव्हापासून रोज. परीक्षेच्या दिवशी दोनदा. हरी आजारी पडला तेव्हा तिनं टाकाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. मी खाली वाकून उभी होते, मान अवघडली तरी हलले नाही. ती देवी नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगण्याची मला मुभा नव्हती. आता ती विचारते, “आपल्या देवीचं देऊळ त्या बेटावर आहे ना?” तुमच्या गावच्या शांतादुर्गेविषयी तिला यांनी सांगितलं आहे. तिला वाटतं, तीच ही. तिला तिथं जाऊन चेहरा ताडून बघायचा आहे.

आता ती गोष्ट लिहिते. हे दर आठवड्याला विचारतात, लिहिलंस का? मी म्हणते, लिहिते.

मुलांना काही ठाऊक नाही. प्रेमाताई गेल्या तेव्हा कल्पना तीन वर्षांची होती. तिला आणि तान्ह्या हरीला वर्षभर मिरजेला आत्याकडे ठेवलं. परत आली तेव्हा घरात मी होते. ‘आई आली बघ’ असं तिला सांगण्यात आलं. ते कुणी सांगितलं, याला आता महत्त्व नाही. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, मग येऊन मांडीवर बसली. तुम्ही माझी आई आहात असं मुलांना वाटतं. माझी आई मी लहान असतानाच वारली, त्यामुळे ते निभावलं. आमच्या घरात प्रेमाताईंचा फोटो आता कुठं लावलेला नाही. तुमच्याकडे ओसरीवर आहे, हार घातलेला, हे यांना माहीत आहे. यांचं म्हणणं असं की आम्ही तिथं असेपर्यंत तो काढून ठेवावा. नाहीतर यायचं नाही. मुलं आणखी मोठी झाली की बघू.

हे रागीट नाहीत. हे तुम्हांला ठाऊक आहे. हरीच्या वेळी प्रेमाताईंना बाळंतपणाला कुंभारजुव्याला जायचं होतं. परवाना आला नाही. यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हापासून हे त्या विषयाच्या जवळ जात नाहीत.

मी निरोप पोचवला. त्यावर माझं काय मत आहे, ते मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

आपली,
विद्या

*

जयनगर, बंगळूर
१७ एप्रिल १९६३

आई,

आधी हे. फोटो काढला असेल तर परत लावा.

आता नमस्कार करते आणि सविस्तर लिहिते.

तुमचं उत्तर आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. या वेळी अक्षर नागनाथभावजींचं नव्हतं. मोठं, एकमेकांना न चिकटलेलं. तुम्ही लिहिलं होतं, “बाय विद्या, फोटो काढून पेटीत ठेवते. पोरं येऊ देत. गाठ ओढू नको. ओढली की आवळते. दोराचा मोकळा भाग आत ढकल, आपोआप सैल होईल. मगर घाटावर येत नाही, हरीला सांग.”

एवढंच. फोटो, गाठ आणि मगर. फोटोला एक ओळ, गाठीला तीन. तुमच्याकडे तिचा एवढाच एक फोटो आहे, असं यांनी मला नंतर सांगितलं. नातवंडं दिसावीत म्हणून मुलीला पेटीत ठेवायला तुम्ही तयार झालात, आणि त्याबद्दल एक शब्द जास्त लिहिला नाहीत. मी अनेक चांगली माणसं पाहिली. पुस्तकांतून तर पुष्कळच. पण इतकं थोडं बोलून इतकं देणारं माणूस पाहिलं नव्हतं.

स्टुलावर चढून मी पाळण्याची गाठ हातात घेतली. आजवर आम्ही सगळ्यांनी ती ओढलीच होती. तुम्ही सांगितलं तसा मोकळा दोर आत ढकलला. थोडा वेळ काही झालं नाही. मग एक वेढा हलला, मग दुसरा, आणि पाळणा खाली आला. मी तो दोर तसाच गुंडाळून ठेवला आहे. त्यावर अजून गाठीचा वाक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पनाची गणिताची परीक्षा होती. नेहमीसारखी ती आली, टाक उचलला, कपाळाला लावला. परीक्षेला जाताना असलं काही सांगू नये, एवढं मला कळतं. म्हणून गप्प राहिले. ती परत आल्यावर, जेवणं झाल्यावर, तिला मागच्या पायरीवर घेऊन बसले. मुलगे पुढच्या खोलीत बेटावर होते.

मी म्हटलं, “कल्पना, ही देवी नाही.”

ती म्हणाली, “मग कोण?”

“प्रेमा. तुझी आई. हरीचीही.”

तिनं टाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आणि तू?”

“मीपण.”

“ती कुठंय?”

मी सांगितलं. हरी झाला तेव्हा गेली. बेटावरची आजी तिची आई. तिला तिकडं जायचं होतं, वाट बंद होती. सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मला वाटलं होतं, सांगताना माझा आवाज नीट राहणार नाही. राहिला. ती पायरीवरची माती नखानं उकरत होती. मग म्हणाली, “म्हणजे मी रोज आईला नमस्कार करत होते.”

मी हो म्हटलं.

“मग चुकलं नाही,” ती म्हणाली, आणि उठून गेली.

नऊ वर्षांच्या मुलीनं हे स्वतःचं स्वतः मांडलं. आम्ही मोठी माणसं पाच वर्षं त्याच्याभोवती पाय न वाजवता फिरत होतो.

पण सोपं गेलं असं समजू नका. संध्याकाळी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. हरी पाट घेऊन आला आणि म्हणाला, बेटावर यायचंय. तिनं येऊ दिलं नाही. माझ्यासमोर येऊन फक्त एक प्रश्न विचारला. “तिला माझं नाव माहीत होतं?” मी म्हटलं, “तिनंच ठेवलं.” हे मला तुंगाबाईंनी सांगितलं होतं. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

त्या दिवसापासून तिनं मला आई म्हणून हाक मारलेली नाही. दुसरं काही म्हणूनही नाही. काम असलं की समोर येऊन उभी राहते. वेणी घालायची असली की कंगवा हातात देते. मी घालते. मला वाईट वाटतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तिचा राग आहे, आणि तो तिनं धरून ठेवावा, घाईनं सोडू नये, असं मला वाटतं. हरीला तिनं स्वतःच सांगितलं. त्यानं विचारलं, म्हणजे मगर खरी आहे का? त्याचं त्याचं चाललं आहे.

मग यांना सांगितलं. बाहेरच्या खोलीत हे सायकलची साखळी साफ करत होते. मी म्हटलं, “कल्पनाला सांगितलं आहे. फोटो राहू द्या म्हणून आईंना लिहिते आहे. यायचं नसेल तर तुम्ही लिहा, मी नाही लिहिणार.” हे साखळी पुसत राहिले. मग म्हणाले, “तिला त्या वेळी पोचवायला हवं होतं.”

“वाट बंद होती,” मी म्हटलं. “तुम्ही बंद केली नव्हती.”

“तिनं ट्रंक भरून ठेवली होती. शेवटपर्यंत उपसू दिली नाही.”

हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांच्या हातांना काळं तेल लागलं होतं. मी म्हटलं, “मग आता नेऊ.”

दुसऱ्या दिवशी हे कामावरून येताना तिकिटं घेऊन आले. खिशातून काढून कल्पनाच्या हातात दिली. माझ्या नाही. तिनं ती एकेक करून पाहिली आणि देवापुढं ठेवली. यांना मी पाच वर्षांत इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. चंदूला खांद्यावर घेऊन हे मुलांच्या नदीतून चालत गेले, बूट घालून, आणि कुणी बुडालं नाही.

सामान थोडंच आणते. पाळण्याचा दोरही आणते. ती गाठ मला परत मारायला शिकायची आहे.

काल कल्पना समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं वेणी. तिनं बोट टाकाकडे केलं. “होडीत हा मी धरू?” आई, मी तो लग्नापासून उतरवलेला नाही. मी तुंगाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “टाक सवाशिणीच्या गळ्यातनं उतरवायचा नसतो, अक्का. रीत नव्हे.” मी म्हटलं, “दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणून ती माझ्या गळ्यात आहे. स्वतःच्या माहेरी तिला माझ्या गळ्याची काय गरज?” त्या म्हणाल्या, “सरी, बरोबर आहे. हे खरं.” आणि आत जाऊन तुमच्यासाठी लोणच्याची बरणी घेऊन आल्या. फडकं बांधलेलं आहे. मी ती मांडीवरून आणीन.

तर अशी आम्ही येतो. तीन मेला दुपारनंतर घाटावर असू. पाणी बघून मी कदाचित डोळे मिटून घेईन, मला हसू नका. मुलं भिणार नाहीत.

होडीतून आधी कल्पना उतरेल. तिची उजवी मूठ मिटलेली असेल. ती लगेच उघडायला सांगू नका, तिची ती उघडेल. भाकरतुकडा ओवाळाल तेव्हा त्या मुठीवरूनही ओवाळा. प्रेमाताईंना माहेरी आणते आहे. उशीर फार झाला.

तिच्या मागून मी उतरेन. मला हात द्या.

तुमची धाकटी,
विद्या